रोहिदासचं लाल कार्ड आणि आपली मोडकी मोजपट्टी

"त्याचा काय दोष? स्टिक लागली, त्याने मुद्दाम थोडीच मारली!"

पॅरिस ऑलिम्पिक संपल्यापासून हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं याची गणती नाही. खडकीत मैदानाच्या कडेला ऐकलं, पिंपरीत नेहरूनगरच्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर ऐकलं, लग्नाच्या पंगतीतही ऐकलं. बोलणारे कोणी ऐरेगैरे नाहीत. हॉकीवर जीव टाकणारी माणसं आहेत. त्यांच्यातल्या काहींबरोबर मी कित्येक हंगाम एकाच संघातून खेळलो आहे. म्हणूनच त्यांचं म्हणणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देता येत नाही. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा नीट सांगायला हवं.

त्यांचं म्हणणं साधारण असं. भारताचा बचावपटू अमित रोहिदासला मिळालेलं लाल कार्ड हा निव्वळ अन्याय होता. तसंही त्या कार्डाने काही बिघडलं नाही, कारण दहा जणांत आपण ब्रिटनला हरवलंच. बचावपटू म्हटला की थोडा आडदांडपणा हवाच. शिस्तीच्या नावाखाली पोरांना मवाळ करून ठेवलं तर युरोपातले संघ आपल्याला चेंगरून पुढे जातील. आणि शेवटी बचावपटूचा कस लागतो तो ड्रॅगफ्लिकवर, ज्याच्या नावावर गोल जास्त तो मोठा. बोलणं असं चार दिशांना जातं, पण निघतं एकाच ठिकाणाहून. बचाव हे कसब आहे आणि स्वतःला आवरणं हा त्या कसबाचाच भाग आहे, हे आपण मनापासून मानलेलंच नाही.

आधी घडलं ते पाहू. रविवार, ४ ऑगस्ट २०२४. पॅरिसजवळच्या कोलोंबच्या मैदानावर भारत विरुद्ध ग्रेट ब्रिटन, उपांत्यपूर्व फेरी. १७व्या मिनिटाला चेंडू घेऊन निघालेल्या रोहिदासची स्टिक वर गेली आणि ब्रिटनच्या विल कॅल्ननच्या डोक्याला लागली. प्रकरण व्हिडिओ पंचांकडे गेलं आणि लाल कार्ड निघालं. उरलेली जवळपास ४३ मिनिटं भारत दहा जणांत खेळला. २२व्या मिनिटाला हरमनप्रीत सिंगने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला, २७व्या मिनिटाला ली मॉर्टनने बरोबरी साधली, आणि तिथून पुढे ब्रिटनचे हल्ले एकामागून एक अंगावर घेत आपण १-१ टिकवलं. शूटआउट ४-२. त्या दिवशीचा आपला गोलरक्षक श्रीजेश ज्याने पाहिला तो भाग्यवान.

सामन्यानंतर हॉकी इंडियाने पंचगिरीबद्दल औपचारिक तक्रार केली. व्हिडिओ निर्णयांत सातत्य नव्हतं, शूटआउटच्या वेळी गोलच्या मागून ब्रिटनच्या गोलरक्षकाला सूचना मिळत होत्या, त्याने टॅब्लेटचा वापर केला, असे मुद्दे त्यात होते. रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली. त्याविरुद्धचं अपील फेटाळलं गेलं.

आता माझं मत विचाराल तर मी स्पष्ट सांगतो: माझ्या हातात शिट्टी असती तर मी पिवळं कार्ड दाखवलं असतं आणि पाचाऐवजी दहा मिनिटं बाहेर बसवलं असतं. लाल कार्ड मला जड वाटलं. सातत्याबद्दलची तक्रारही रास्त होती. एकाच स्पर्धेत सारख्याच प्रसंगाला वेगळा न्याय मिळत असेल तर खेळाडूंनी कशाचा भरवसा धरायचा? इथपर्यंत मी माझ्या मित्रांच्या बाजूने उभा आहे. पण पंचाचा निर्णय जड होता म्हणून खेळाडूची चूक हलकी होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची गाठ मारून टाकली आहे. पंचावर राग काढण्याच्या भरात स्टिक डोक्यापर्यंत गेलीच कशी, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

हॉकीचा नियम खेळाडूच्या मनात शिरत नाही. स्टिक धोकादायक रीतीने वापरायची नाही आणि दुसऱ्याच्या डोक्यावरून उचलायची नाही, एवढंच तो सांगतो. स्टिक माझ्या हातात आहे, तर ती कुठे जाते याची जबाबदारीही माझी. हेतू असेल तर शिक्षा वाढते, हे खरं. हेतू नसेल तर चूकच नाही, असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही.

हे मी पुस्तक वाचून बोलत नाही. बावीस वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. साधा स्थानिक सामना. मी फुल बॅक. चेंडू मिळाला, समोर एक चपळ फॉरवर्ड अंगाला चिकटून आला, आणि त्याला झटकून वळायच्या नादात माझी स्टिक खांद्याच्या वर गेली. आवाज अजून कानात आहे. त्या मुलाचे पुढचे दोन दात तुटले. मला पिवळं कार्ड मिळालं, पाच मिनिटं बसलो, परत आलो आणि सामना आम्ही जिंकला. सगळे पाठीवर हात ठेवून एकच सांगत होते, मुद्दाम नव्हतं, मनाला लावून घेऊ नकोस. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या आईने उघडलं. मीही तेच म्हणालो, "काकू, मुद्दाम नव्हतं केलं." ती माउली ओरडली नाही, रागावलीही नाही. तिने फक्त विचारलं, "मग बाळा, काठी एवढी वर गेलीच कशी?"

मला उत्तर देता आलं नाही. ते नंतर, बऱ्याच वर्षांनी, मुलांना शिकवताना सापडलं. काठी वर गेली कारण माझे पाय चुकीच्या जागी होते. चेंडू घेण्याआधी मी मान वळवून मागे-बाजूला पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो फॉरवर्ड येतोय हे कळेपर्यंत तो अंगावर आला होता. मग उरतो तो हिसका. माझ्या हातून घडलेला अपघात तीन सेकंद आधीच्या आळसातून आला होता. म्हणून "मुद्दाम नव्हतं" हे वाक्य मला आता सांत्वन म्हणूनही चालत नाही. त्याने शिकण्याचा रस्ता बंद होतो.

हेतूच्या या वादातून आइस हॉकीवाले फार मोठी किंमत मोजून बाहेर पडले. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएलमध्ये मार्च २०१० मध्ये पिट्सबर्गच्या मॅट कुकने बोस्टनच्या मार्क सावार्डच्या डोक्यावर धडक दिली. कुकला शिक्षा झाली नाही, कारण तशा धडकेविरुद्ध तेव्हा नियमच नव्हता. मग लीगने नियम क्रमांक ४८ आणला: आंधळ्या बाजूने येऊन डोक्याला लक्ष्य करणारी धडक गुन्हा ठरली, आणि पुढे तो नियम आणखी रुंद झाला. सावार्डची कारकीर्द पुढच्याच हंगामात डोक्याच्या आणखी एका दुखापतीनंतर संपली. तिथल्या प्रेक्षकांतही त्या वेळी हाच गदारोळ होता: खेळ मर्दानी आहे, धक्के लागणारच, पंचांनी खेळ मिळमिळीत करू नये. मात्र २०११ पासून त्या लीगने खेळाडूंच्या सुरक्षेसाठी एक वेगळा विभाग चालवला आहे, आणि एखाद्याला निलंबित केलं की हा विभाग चित्रफीत प्रसिद्ध करून सांगतो: इथे बघा, इथे तो थांबू शकत होता, इथे त्याने थांबायचं नाकारलं. निर्णय पटो न पटो, कारण समोर असतं. आपल्या हॉकीत हेच हवं आहे. रोहिदासच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय महासंघाने अशी चित्रफीत दाखवून दोन मिनिटं समजावलं असतं तर अर्धा वाद तिथेच मिटला असता. तक्रार करायचीच तर आपण ही करायला हवी होती.

आता दुसरं म्हणणं: दहा जणांत जिंकलो, मग बिघडलं कुठे?

दोन दिवसांनी बिघडलं. ऑलिम्पिकचा हॉकी संघ १६ जणांचा. रोहिदास बंदीमुळे बाहेर, म्हणजे उपांत्य सामन्याला आपण १५ जण घेऊन उतरलो, आणि तेही आदल्या सामन्यात तीन क्वार्टर एका माणसाचं काम दहा जणांत वाटून घेतलेले. समोर जर्मनी. हरमनप्रीतने सातव्याच मिनिटाला आघाडी दिली. १८व्या मिनिटाला गोन्झालो पेयाटने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली, २७व्या मिनिटाला क्रिस्टोफर रुरने पेनल्टी स्ट्रोकवर दुसरा गोल केला. सुखजीतने ३६व्या मिनिटाला २-२ केलं आणि ५४व्या मिनिटाला मार्को मिल्टकाऊने सामना नेला. ३-२. रोहिदास असता तर जिंकलो असतो, असं मी म्हणणार नाही. तसं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण त्या पराभवानंतर माझे हेच मित्र हळहळत म्हणत होते, "रोहिदास हवा होता रे." मी त्यांना विचारतो, कशासाठी हवा होता? ज्याचे गोल तुम्ही कधी मोजले नाहीत, ज्याचं नाव सामन्यानंतरच्या गप्पांत कधी आलं नाही, तो तुम्हाला नेमका कशासाठी हवा होता?

त्याचं उत्तर पेनल्टी कॉर्नरमध्ये आहे, आणि इथे मला थोडा वेळ द्या.

पेनल्टी कॉर्नर लागला की गोलरक्षक धरून पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात, बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावं लागतं. मागच्या रेषेवरून चेंडू ढकलला जातो त्या क्षणी त्या पाचातला एक जण बाणासारखा सुटतो. त्याला पहिला रशर म्हणतात. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाशी चेंडू थांबवला जातो, फ्लिक मारणारा त्यावर वाकतो, आणि रशर सरळ त्याच्या दिशेने धावत असतो. चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, टणक. चांगल्या ड्रॅगफ्लिकचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो. रशरच्या तोंडावर मास्क असतो, गुडघ्यांवर पॅड, हातात मोजा. मांड्या, पोट, बरगड्या उघड्याच. चेंडू अंगावर घेणं एवढंच त्याचं काम असतं असा पुष्कळांचा समज आहे. खरं काम त्याहून बारीक आहे. तो ज्या रेषेने धावतो त्या रेषेने गोलची एक बाजू झाकली जाते, आणि मग गोलरक्षक उरलेल्या बाजूवर निर्धास्त झेप घेऊ शकतो. ही रेषा हातभर चुकली तर गोलरक्षक दोन्हीकडचा विचार करत राहतो आणि कुठेच वेळेवर पोहोचत नाही. श्रीजेशच्या ज्या झेपांवर आपण टाळ्या वाजवल्या, त्यांतल्या कितीतरी झेपांआधी समोर कोणीतरी आपली रेषा बरोबर धावलेला होता.

टोकियोत ५ ऑगस्ट २०२१ ला जर्मनीविरुद्ध ५-४ आघाडीवर असताना सामना संपायला काही सेकंद उरले होते आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्यानंतरचं सगळ्यांना पाठ आहे: श्रीजेशने चेंडू अडवला, ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक आलं. त्या संघाचा पहिला रशर रोहिदासच होता. ओडिशातल्या सुंदरगढ जिल्ह्यातल्या सौनामारा गावचा हा मुलगा. चारशेहून जास्त आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला फुल बॅक दिलीप तिर्की याच गावचा. एका गावाने देशाला दोन असे बचावपटू दिले आणि आपण त्या गावाचं नाव कार्डाच्या वादात ऐकलं.

म्हणजे बघा, रोहिदासची बाजू घेतोय असं समजून जे लोक "कार्डाने काय बिघडलं" म्हणतात, तेच त्याचं मोल सगळ्यात कमी करतात. कार्डाने काही बिघडलं नसेल तर तो संघात नसला तरी चालत होता, असा अर्थ होतो. मी उलट म्हणतो. तो इतका मोलाचा होता की त्याने कार्ड घेणं आपल्याला परवडणारं नव्हतं.

गोलांच्या मोजणीकडे वळू. हरमनप्रीतबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पॅरिसमध्ये आठ सामन्यांत भारताने १५ गोल केले, त्यांतले १० त्याचे; सगळे पेनल्टी कॉर्नर किंवा पेनल्टी स्ट्रोकवरचे. त्याच्याशिवाय आपण पदकाच्या जवळपासही गेलो नसतो. पण हे दहा गोल त्याने ड्रॅगफ्लिकर म्हणून केले, बचावपटू म्हणून नव्हे. फ्लिक हे वेगळं कसब आहे. ते फुल बॅककडे असतं तसं फॉरवर्डकडेही असू शकतं. बचावपटू म्हणून हरमनप्रीत कसा आहे, हे ठरवायचं तर त्याच्या लांब उंच पासांकडे, त्याच्या जागा धरण्याकडे, दबावाखाली चेंडू बाहेर काढण्याकडे पाहावं लागेल. त्याचं कौतुक करणारे तिकडे पाहत नाहीत आणि त्याला नावं ठेवणारेही पाहत नाहीत. एक गट म्हणतो, दहा गोल, जगातला सर्वोत्तम बचावपटू. दुसरा म्हणतो, नुसता फ्लिकर, बचावात ढिला. दोघांच्या हातात एकच मोडकी मोजपट्टी आहे.

ही मोजपट्टी आजची नाही. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने पाच सामन्यांत ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. एकही नाही. उपांत्य सामना १-० आणि पाकिस्तानविरुद्धचा अंतिम सामनाही १-०, म्हणजे शेवटच्या दोन्ही सामन्यांत बचावाचं एक पाऊल चुकलं असतं तर सुवर्ण डळमळलं असतं. ३८ गोलांची कहाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. त्या शून्याची कोणी सांगत नाही. त्या संघातला फुल बॅक रणधीर सिंग जेंटल आठवतो तोसुद्धा अंतिम सामन्यातल्या त्याच्या एकुलत्या गोलामुळे. १९७५च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्ध उपांत्य सामन्यात अखेरच्या मिनिटांत मैदानात आलेल्या अस्लम शेर खानने बरोबरीचा गोल केला, तो अमर झाला, आणि त्याच्यासाठी जागा सोडून बाहेर गेलेला फुल बॅक मायकल किंडो किती जणांना आठवतो?

आइस हॉकीतही हा वाद तितकाच जुना आहे. तिथे सर्वोत्तम बचावपटूला जेम्स नॉरिस करंडक मिळतो. २०२२-२३च्या हंगामात तो सॅन होजेच्या एरिक कार्लसनला मिळाला. त्याने १०१ गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) मिळवले होते, बचावपटूसाठी ते अचाट होतं. त्याच हंगामात त्याचा अधिक-उणे आकडा उणे २६ होता, म्हणजे तो बर्फावर असताना, संख्येने जास्त असलेल्या संघाने केलेले गोल वगळता, त्याच्या संघाने केले त्याहून कितीतरी जास्त गोल खाल्ले. अधिक-उणे हा आकडाही फसवा आहे, कारण दुबळ्या संघातला चांगला खेळाडू त्यात बुडतो. तेवढं कार्लसनच्या बाजूने मान्य करायला हवं. तरीही कोणाला सर्वोत्तम बचावपटू म्हणायचं, या प्रश्नाला लोकांनी गुण मोजून उत्तर दिलं. गुण मोजायला सोपे असतात, हे त्यामागचं मोठं कारण.

त्याच्यासमोर मी त्याच्याच देशाचा निकलास लिडस्ट्रॉम ठेवतो. डेट्रॉइटसाठी २० हंगाम, १५६४ सामने, सात नॉरिस करंडक. आणि एवढ्या कारकिर्दीत शिक्षेची मिनिटं ५१४. भागाकार करून पाहा: दर सामन्यामागे सरासरी वीस सेकंद. ज्या खेळात बचावपटूने धडका मारणं हे कर्तव्यच समजलं जातं, तिथे हा माणूस सामन्यामागे वीस सेकंद शिक्षा घेऊन वीस वर्षं समोरच्यांची सर्वोत्तम फळी अडवत राहिला. तो गोलही करायचा, हे सांगायला हवं. पण समोरच्याला त्याच्या आवडत्या जागेवर पोहोचूच न देणं ही त्याची खरी ताकद होती. जो आधीच जागेवर उभा आहे त्याला ओढावं लागत नाही, पाडावं लागत नाही, स्टिक उगारावी लागत नाही.

इथे आडदांडपणाचे वकील मला क्रिस प्रॉन्गर दाखवतील, आणि तो दाखला खरंच वजनदार आहे. प्रॉन्गर सहा फूट सहा इंचांचा, क्रूर म्हणावा इतका कठोर, कारकिर्दीत आठ वेळा निलंबित. २००७च्या प्लेऑफमध्ये तो दोनदा निलंबित झाला आणि तरी त्याच्या अॅनाहाइमने स्टॅन्ले कप जिंकला. म्हणजे शिस्त नसतानाही मोठा बचावपटू होता येतं? होय, होता येतं. प्रॉन्गर मोठाच होता. पण तो बाहेर बसला तेव्हा अॅनाहाइमकडे स्कॉट नीडरमायर होता, ज्याला त्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं गेलं. असा दुसरा खांब असलेल्या घराला एक खांब अधूनमधून हलवणं परवडतं. पॅरिसच्या आपल्या संघात तसा दुसरा खांब नव्हता. शिवाय प्रॉन्गर त्या शिक्षांमुळे मोठा झाला नाही. त्याचा पहिला पास, त्याची पोहोच, त्याची समज यांनी तो मोठा झाला. शिक्षा हा त्याच्या मोठेपणाचा खर्च होता आणि तो संघाने भरला.

मी प्रत्येक कार्डाला शिव्या घालतो असं मात्र समजू नका. हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं, पिवळं म्हणजे किमान पाच. साठ मिनिटांच्या खेळात दोन मिनिटांची किंमत कधी कधी मोजावी लागते. समजा आपले सगळे पुढे गेलेत, चेंडू सुटला, समोरचे तिघे आपल्या दोघांवर धावून येताहेत, आणि चेंडू अजून तेवीस मीटरच्या रेषेबाहेर आहे. तिथे जाणत्या फुल बॅकने धोका न करता खेळ थांबवला, फ्री हिट दिली, हिरवं कार्ड घेतलं, तर मी त्याला दोष देणार नाही. तोच फाऊल रेषेच्या आत जाणूनबुजून केला तर पेनल्टी कॉर्नर, आणि मग सगळा हिशेब उलटा. हा फरक ज्याला धावता-धावता कळतो तो बचावपटू. म्हणून नुसती कार्डं मोजणंही चूक आहे. कार्ड कुठे घेतलं, कितव्या मिनिटाला घेतलं, त्याबदल्यात काय वाचलं, हे विचारायला हवं. रोहिदासच्या कार्डाबदल्यात काहीही वाचलं नाही. तिथे ना गोलचा धोका होता, ना कोणी एकटा सुटला होता. माझा सगळा आक्षेप या एका ओळीत आहे.

आणि आडदांडपणाची आवड आपल्याला कुठून लागली, तेही सांगतो. लोळण घेऊन केलेल्या टॅकलला प्रेक्षक सगळ्यात मोठी टाळी देतात. फुल बॅक जमिनीवर झेपावतो, स्टिक आडवी टाकतो, चेंडू बाहेर जातो, मैदान दणाणतं. मीही एकेकाळी त्या टाळीसाठी लोळलो आहे. पण त्या लोळणीच्या आधीची तीन पावलं पाहा. बहुतेक वेळा तो आधी चुकीच्या बाजूला उभा होता, फॉरवर्ड त्याच्या रिव्हर्सच्या बाजूने सुटला, आणि मग शेवटचा उपाय म्हणून त्याने अंग टाकलं. चांगला फुल बॅक आधीच असा तिरका उभा राहतो की फॉरवर्डला त्याच्या फोरहँडकडेच यावं लागतं, तिथून साइडलाइनकडे सरकावं लागतं, आणि शेवटी चेंडू मागे द्यावा लागतो. स्टिक चेंडूला लागलीच नाही, टाळी वाजली नाही, नोंद कुठेच झाली नाही. हल्ला मात्र मेला.

जे दिसत नाही त्याला श्रेय देत नाही, आणि जे दिसतं त्याच्यावर सगळा दोष ढकलतो, ही आपली जुनी खोड. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७-१ हरवलं. सात गोल खाणारा गोलरक्षक मीर रंजन नेगी सगळ्यांना दिसला. त्याच्यावर पैसे खाल्ल्याचे घाणेरडे आरोप झाले, त्याचं जगणं मुश्कील केलं गेलं. त्या सात वेळा चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आधी तो कुठून कुठून सुटला, किती जणांच्या बाजूने गेला, हे कोणी विचारलं नाही. पुढे १९९८च्या बँकॉक एशियाडचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघाच्या गोलरक्षकांना याच नेगीने तयार केलं. माफी कोणी मागितल्याचं मला आठवत नाही. बचाव समजून घेण्याची तसदी न घेता निकाल द्यायची सवय किती निर्दय होऊ शकते, याचं याहून मोठं उदाहरण आपल्या हॉकीत नाही. आज ज्यांना रोहिदास निर्दोष वाटतो त्यांनी उद्या एखाद्या फुल बॅकच्या पायाला चेंडू लागून पेनल्टी स्ट्रोक गेला की त्याला देशद्रोही ठरवू नये, एवढी तरी मला हमी हवी आहे. पाहणं तेच राहिलं तर ती हमी कोणी देऊ शकणार नाही.

खडकीचं हॉकीशी नातं फार जुनं आहे. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघातला हाफ बॅक बाबू निमल इथला, धनराज पिल्ले इथला. आता मी ज्या मुलांना शिकवतो त्यांतल्या प्रत्येकाला पुढे खेळायचं असतं, धनराज व्हायचं असतं. मागे कोणी उभा राहायला तयार नसतो. का राहावं? गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं, फ्लिक मारणाऱ्याचं येतं. मागे उभ्या राहिलेल्याचं नाव फक्त कार्ड मिळालं की येतं. गेल्या काही हंगामांपासून मी एक वही ठेवतो. फुल बॅकने फॉरवर्डला किती वेळा बाहेर वळवलं, चेंडू घेण्याआधी किती वेळा मान फिरवून पाहिलं, डीमध्ये पाय किती वेळा वाचवला, दबावात दिलेला पहिला पास आपल्याच माणसाला गेला का, आणि कार्ड मिळालं असेल तर त्याबदल्यात संघाला काय मिळालं, एवढंच मी त्यात लिहितो. सामना संपला की वही मुलांसमोर उघडतो. पहिल्या वर्षी कोणी ढुंकून पाहिलं नाही. या वर्षी एका पोराने स्वतःहून विचारलं, "सर, माझी मान किती वेळा फिरली?"

८ ऑगस्ट २०२४ ला स्पेनविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात रोहिदास परतला. आपण २-१ जिंकलो, दोन्ही गोल हरमनप्रीतचे, शेवटच्या मिनिटांत स्पेनचा जोर आणि श्रीजेशचा निरोप. तो सामना पुन्हा पाहायला मिळाला तर माझ्या मित्रांना माझी एकच विनंती आहे. शेवटची पंधरा मिनिटं चेंडू सोडा आणि फक्त रोहिदासकडे पाहा. चेंडू दुसऱ्या टोकाला असला तरी त्याच्यावरून नजर हलवू नका. तो कुठे उभा आहे, कोणाला हाताने खुणावतोय, कधी दोन पावलं मागे येतोय, स्टिक किती खाली आहे, ते बघा. मग या खडकीला, आणि त्या लाल कार्डाबद्दल आपण पुन्हा बोलू.